अद्वाची आत्या

"आडवा?" तेलाची वाटी खाली ठेवत जयमालानं विचारलं. "पोरीचं नाव आडवा?"

"आडवा नाही ताई, अद्वा," तिची भावजय पिंकी हसत म्हणाली. "मैत्रीनं सुचवलंय. तिकडचं, हिब्रू भाषेतलं नाव आहे. यांनाही आवडलं."

जयमालानं वाटी उचलली. बाळाच्या पायांना ती तेल चोळत राहिली. मैत्री ही पिंकीची धाकटी बहीण. काही वर्षांपूर्वी ती इस्राएलला गेली होती, तिथं एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करायची. बाळ झाल्यापासून घरात तिचंच नाव निघत होतं. पाळण्यावरची खेळणी मैत्रीनं पाठवलेली, मऊ दुपटी मैत्रीनं पाठवलेली. जयमालाच्या खांद्यावर रडून रडून लाल झालेली पोर संध्याकाळी फोनवर मैत्रीचं गुणगुणणं ऐकलं की चट गप्प व्हायची. तेव्हा सगळे हसायचे. जयमालाही हसायची, आणि मग उगाचच स्वयंपाकघरात जाऊन भांडी हलवायची.

पिंकीला आई नव्हती, म्हणून बाळंतपण जयमालानंच काढलं. चाकणच्या कंपनीत ती गाड्यांच्या वायरी बांधायच्या लाइनवर होती. साठलेली सगळी रजा तिनं यात घातली. डिंकाचे लाडू केले, शेक दिला, बाळाला न्हाऊमाखू घातलं. तिचा भाऊ बुद्धरत्न शाळेत होता तेव्हा आई गेली, तेव्हापासून त्यालाही तिनंच वाढवलं होतं. तिचा स्वतःचा संसार मूलबाळ होण्याआधीच मोडला. भावाच्या लेकीसाठी मात्र तिनं एक नाव मनात धरून ठेवलं होतं, खेमा. कुणाला बोलली नव्हती. नाव आत्या ठेवते, हे काय सांगायला लागतं?

रजा संपून ती कामावर गेली. सुटताना कंपनीच्या बसमध्ये तिनं शेजारच्या विजयश्रीला ते नाव मोबाईलवर शोधायला लावलं.

विजयश्रीनं वाचून सांगितलं, की अर्थ छान आहे, पाण्यावरची लहानशी लाट, तरंग. मूळ हिब्रू. फारसं कुणी ठेवत नाही, आपल्याकडं तर कुणाचंच नसेल.

"वाईट अर्थ काहीच नाही का?"

विजयश्रीनं जरा चमकून तिच्याकडं पाहिलं. पुन्हा बोट खाली-वर फिरवलं आणि मान हलवली. मोशीच्या गर्दीत बस अडकली होती. जयमाला खिडकीबाहेर बघत बसली. कुणाचंच नसलेलं नाव. तेसुद्धा मैत्रीनंच आणावं.

त्या दिवशी जेवताना तिनं भावाला सांगितलं, की कंपनीत एका माहीतगार माणसाला विचारलं, त्या भाषेत अद्वा म्हणजे बुडणारी. बुद्धरत्नाचा घास हातातच राहिला. ताईचं बोलणं त्यानं जन्मात कधी पडताळून पाहिलं नव्हतं. "मग नको," तो म्हणाला. "ताई, तूच ठेव नाव." पिंकी खाली मान घालून जेवत राहिली.

नामकरणाच्या आदल्या दिवशी दुपारी दोघी दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. बुद्धरत्न सामान आणायला पिंपरी कॅम्पात गेला होता.

"ताई," पिंकी म्हणाली, "मी मैत्रीला अर्थ विचारला होता. तुम्ही सांगितलंत त्याच दिवशी."

जयमालाचे हात थांबले.

"यांना मी काही बोलले नाही. त्यांच्यासमोर तुम्हांला खोटं पाडावंसं वाटलं नाही."

पिंकीच्या आवाजात राग नव्हता. मग तिनंच पुढचं सांगितलं. नवीन नवीन असताना मैत्री रोज रडायची. त्या म्हाताऱ्या बाई तिला समुद्रावर घेऊन जायच्या. पायाशी येणाऱ्या लहान लाटेकडं बोट दाखवून त्यांनी तिला तो शब्द शिकवला. मैत्रीला कळलेला तिकडचा पहिला शब्द तोच. एवढ्यात तिला येणं जमणार नव्हतं. आपलं स्वतःचं काहीतरी बाळापाशी राहावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. "आता म्हणते, ताईंना आवडेल तेच ठेवा."

जयमालाला हे बोलणं झोंबलं. मैत्री रागावली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. आता चांगुलपणासुद्धा तिच्याच वाट्याला गेला होता.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं. मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील झालं. पिंकीनं हातात फोन धरला होता, त्यात मैत्री दिसत होती. तिनं केसांत फूल माळलं होतं. जयमाला पाळण्यावर वाकली. ओठांवर खेमा आलं होतं. बाळ डोळे उघडून तिच्याकडंच बघत होतं. ती कानाशी पुटपुटली, मग उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अद्वा."

बायका टाळ्या वाजवणार तेवढ्यात बुद्धरत्न पुढं झाला. "ताई, अगं, त्याचा अर्थ..."

"अर्थ चांगला आहे," जयमाला म्हणाली. "मी खोटं बोलले होते."

पिंकीनंच मग पेढ्यांचा डबा उघडला आणि पहिला पेढा जयमालाच्या हातावर ठेवला. फोनमध्ये मैत्री रडत होती, हसत होती. तिच्याकडं बघून जयमालाचं मन काही हलकं झालं नाही. हेवा होता तिथंच होता. पण नाव ठेवून झालं होतं.

पाहुणे गेल्यावर जयमाला बाळाला मांडीवर घेऊन बसली. बुद्धरत्न सतरंज्या गोळा करत होता. आल्यागेल्यांशी तो नीट बोलला होता, तिच्याशी मात्र अजून बोलला नव्हता.

"रतन," ती म्हणाली, "पोरीचं अंग कोमट लागतंय रे."

एरवी तो लगेच चपला घालून औषधाच्या दुकानाकडं सुटला असता. आता त्यानं सतरंजी खाली ठेवली, जवळ आला आणि दुपटं बाजूला सारून आपला हात बाळाच्या कपाळावर ठेवला. मग पोटावर ठेवला.

"हो. आहे कोमट," असं म्हणून तो चपला घालायला गेला.

त्यानं सारलेलं दुपटं जयमालानं पुन्हा सारखं केलं.