कुणाचाच नसलेला महिना

"येत्या रविवारी माझी दोन्ही पोरं एका पंगतीला बसवतो. न्हाई बसवली, तर भगवंत नाव लावणार न्हाई!"

निरगुडसरच्या दूध डेअरीवर, भरल्या रांगेत, आबांनी हे किटल्यांच्या साक्षीनं जाहीर केलं.

"पण आबा, दोघं बोलत्यात का आता?" रांगेतून कुणीतरी काडी टाकली.

"बोलायला कशाला पायजे? तोंडात पुरण असलं की माणूस आपोआप गप ऱ्हातो."

लोक हसले. आबाही हसले आणि त्यांनी चहात दुसरं बटर बुडवलं. ती दोन बटरं म्हणजे आपलं सकाळचं जेवण आहे, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

गोष्ट अशी होती. दोन वर्षांपूर्वी आबांच्या पत्नी धोंडाबाई गेल्या आणि तेराव्याचे मांडव सुटायच्या आत त्यांची पोरं, थोरला गोरख आणि धाकटा सयाजी, वेगळी झाली. घराच्या मधोमध विटांची भिंत आली. सगळ्याची वाटणी इतकी चोख झाली की पाटा गोरखकडं गेला आणि वरवंटा सयाजीकडं. पुढं दोघांनी मिक्सर आणले, पण पाट्याला वरवंटा काही भेटू दिला नाही. राहता राहिले आबा. त्यांची वाटणी महिन्यांवर झाली. चैत्र गोरखचा, वैशाख सयाजीचा, ज्येष्ठ परत गोरखचा. झोपायला ओट्याच्या कडेची खोली, आणि ताट ज्याचा महिना त्याच्या दारातून.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. पण वाटणी करताना पंचांच्या आणि पोरांच्या डोक्यात एक गोष्ट आली नाही. दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो.

वैशाखाची अमावस्या झाली, तशी सयाजीच्या बायकोनं, अक्षदानं, आबांचं ताट घासून पालथं घातलं. "आमचा वैशाख झाला, आबा. आता तिकडं."

आबा तिकडं गेले. गोरखची बायको प्रतिभा कालनिर्णयापुढं उभीच होती. "आमचा जेष्ठ हाय, मी न्हाई कुठं म्हणते? पण ह्यो अधिक जेष्ठ. आमचा निज जेष्ठ अजून म्हैनाभरानं लागतोय."

दोघींचं बरोबर होतं. एक जरी खोटी असती तरी आबांना जेवायला मिळालं असतं.

देवळात अधिकाचा सप्ताह बसला होता तोवर महाप्रसादावर भागलं. सप्ताह उठला. मग आबांनी डोकं चालवलं. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. लेक-जावयाला बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे करून घालायचे, वाण द्यायचं. आबांची लेक मोहिनी येडगावला दिलेली. आबा गोरखला म्हणाले, "सयाजी बोलवतोय पावण्यांना धोंड्याला." सयाजीला जाऊन म्हणाले, "गोरख बोलवतोय." पुण्य दुसऱ्याच्या पदरात पडू द्यायची दोघांपैकी एकाचीही छाती नव्हती. जावयासाठी घर एक होईल, त्या एका पंगतीत आपलंही पान पडेल, अशी आबांची चाल होती. डेअरीवरची फुशारकी ती हीच.

फुशारकीत न सांगितलेला भाग आबांच्या बंडीच्या आतल्या खिशात होता. धोंडाबाईंच्या गळ्यातला एक सोन्याचा मणी. आबांचं पहिलं धोंड्याचं जेवण झालं, तेव्हा त्यांच्या सासऱ्यानं धोंड्यातून घातलेला. आता तोच मणी आबा भिमाजीला, म्हणजे जावयाला, घालणार होते आणि हळूच म्हणणार होते, "पावणं, म्हैनाभर मला येडगावला न्या."

लेकीच्या दारात जाऊन राहणाऱ्या म्हाताऱ्यांची आबांनी जन्मभर चावडीवर टिंगल केली होती. रिकाम्या हातानं हे बोलायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

रविवारी सकाळी भिंतीच्या अलीकडं कुकरची शिट्टी झाली. लगेच पलीकडं झाली. मग अलीकडं दोन झाल्या. पलीकडं तीन. आबा ओट्यावर बसून ऐकत होते. घर एक झालं नव्हतं. एका जावयासाठी दोन स्वयंपाक लागले होते.

अकराच्या सुमाराला भिमाजीचा पिकअप आला. टोमॅटोचे रिकामे क्रेट मागं, वर ताडपत्री. गाडीतून भिमाजी उतरला तो डोक्याला भगवा फेटा बांधून. ज्येष्ठाचं ऊन, घाम कानामागून कॉलरमध्ये चाललेला.

"दाजी, एवढ्या उन्हात फेटा?" गोरख म्हणाला.

"तुमच्यात कमी पडत्यात ना," भिमाजी म्हणाला. "म्हणून घरनंच बांधून आलो."

गोरखची पोरगी श्रेया, तिच्या लग्नात फेटेवाल्याचे फेटे भिमाजीच्या अलीकडं येऊन संपले होते. सगळ्या फोटोंत भिमाजी बोडका. तेव्हापासून मोहिनी माहेरी आली नव्हती. तिनं येऊन आबांच्या पाया पडता पडता त्यांच्या मनगटाला हात लावला. "आबा, वाळलात की वो."

"उन्हाळा हाय," आबा म्हणाले.

पहिली अडचण बसण्याची. जावई कुणाच्या घरात बसणार? गोरख मोहिनीकडं बघून म्हणाला, "त्याला सांग, मान थोरल्याचा." सयाजी मोहिनीकडंच बघून म्हणाला, "त्याला सांग, मान ज्यानं आधी डाळ भिजवली त्याचा." दोन वर्षं दोघं असंच तिसऱ्याच्या तोंडाकडं बघून बोलत. कुणी नसलं तर बैलाकडं बघून.

शेवटी ओटा सामाईक होता, तिथं भिंत संपते त्या टोकाला पाट टाकला. अर्धा पाट गोरखच्या हद्दीत, अर्धा सयाजीच्या. भिमाजीच्या नाकासमोर भिंतीची कड आली. उजव्या बाजूला प्रतिभाचं ताट, डाव्या बाजूला अक्षदाचं. मधल्या गडबडीत आबांनी प्रतिभाच्या परातीतला सगळ्यात वरचा धोंडा उचलला, अंगठ्यानं मणी आत दाबला, भोक बुजवलं आणि परत ठेवला. आता फक्त पावण्यांच्या कानात सांगायचं होतं, की सावकाश खा, बघून खा. आबा सांगायला वाकले, तेवढ्यात मोहिनी म्हणाली,

"आबांचं पान कुठाय?"

प्रतिभानं अक्षदाकडं पाहिलं. अक्षदानं प्रतिभाकडं. गोरखनं बैलाकडं.

"न्हाई म्हंजी, ह्या म्हैन्यात..." दोघी एकदमच बोलल्या आणि एकदमच थांबल्या.

"ह्या म्हैन्यात काय?"

"अधिक हाय ना," प्रतिभा म्हणाली.

मोहिनीला कळायला वेळ लागला. कळल्यावर तिचं तोंड उघडं राहिलं. ती आता काहीतरी बोलणार आणि ते भिमाजीसमोर बोलणार, हे ओळखून दोन्ही जावांनी एकाच वेळी जावयावर झडप घातली.

"घ्या ना दाजी, आमचा एक तरी घ्या!"

"आमचा तर अजून एक पण न्हाई खाल्ला!"

"त्यांना शुगर हाय!" मोहिनी ओरडली.

"गोडाला न्हाई म्हणू ने!" प्रतिभानं वरचा धोंडा उचलून सरळ भिमाजीच्या तोंडात कोंबला. अक्षदानं दुसरा त्याच्यामागं लावला. भिमाजीचे डोळे मोठे झाले, फेटा मागं सरकला, गळ्याची घाटी एकदा वर गेली आणि खाली आली.

"कायतरी कडक गेलं," तो म्हणाला.

"खडा असंल तिकडच्या डाळीत," अक्षदा म्हणाली.

"मणी व्हता," आबा म्हणाले. "सोन्याचा. तुमच्या आईचा."

मग गोरख वळला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा सयाजीच्या तोंडाकडं बघून बोलला.

"आयचे मणी तर दोघींना वाटले व्हते ना रं?"

"समदे वाटले व्हते," सयाजीही थेट म्हणाला.

"मग ह्यो कुठला?"

दोघं एकदम आबांकडं वळले. पोरं एकमेकांशी बोलली म्हणून आबांना क्षणभर बरं वाटलं, आणि तेवढ्यात गोरख गोड आवाजात म्हणाला, "आबा, जेवला का न्हाई तुमी?"

"अजून काय काय ठेवलंय तिनं, आबा?" सयाजीनं त्याहून गोड आवाजात विचारलं.

"काय न्हाई रं. येवढाच व्हता."

कुणाचाच विश्वास बसला नाही. उलट "येवढाच" म्हणताना आबांचा आवाज कापला, हे दोघांनी बरोबर हेरलं. बघता बघता आबांसमोर दोन पानं आली. पुरण, तूप, कटाची आमटी, कुरडई. आबांनी प्रतिभाच्या ताटाला हात घातला.

"आबा, आमचं घ्या. ह्यो म्हैना आमच्याकडंच," अक्षदानं ते ताट बाजूला सारलं.

"तुमचा वैशाख गेला की! आता जेष्ठ हाय," प्रतिभानं ते परत ओढलं.

"सकाळपातूर अधिक व्हता ना?"

ताट दोघींच्या मधे दोनदा आलं-गेलं आणि तिसऱ्यांदा ओट्याखाली गेलं. दुसऱ्याला गोरखचा पाय लागला. आमटी आबांच्या धोतरावर सांडली, पुरण कोंबड्यांनी खाल्लं. आबांची बोटं तुपाला लागली होती, ती त्यांनी चाटली.

तोवर भिमाजी घाबरून पोट धरून बसला होता. मोहिनी, सयाजी आणि गोरख त्याला सयाजीच्या गाडीत घालून मंचरला घेऊन गेले. दोघे भाऊ एका गाडीत बसले, कारण दुसरा एकटाच जावयाबरोबर गेला तर मणी कुठं जाईल याचा भरवसा नव्हता. घरी दोघी जावांनी आबांची खोली झाडून काढली. गोधडी उसवली, उशी उसवली, उंदराच्या बिळात काडी घातली. जेवायचं पुन्हा कुणी विचारलं नाही. आपापल्या स्वयंपाकघराला दोघींनीही कुलपं घातली होती, एकमेकींच्या भीतीनं.

चार-साडेचारला गाडी परत आली. एक्स-रेच्या फोटोत मणी दिसला होता. पोटात, मधोमध, दाण्याएवढा. डॉक्टर म्हणाले होते, केळी खा, वाट बघा, आपोआप बाहेर पडंल. ह्या "आपोआप"वरून गाडीत भांडण लागलं होतं ते घरापर्यंत चालूच होतं.

"दाजी हितंच ऱ्हातील. पडंपातूर," गोरख म्हणाला.

"ऱ्हातील, पण आमच्या संडासात," सयाजी म्हणाला.

"माझ्या पोटात हाय, माझ्या धोंड्यातला हाय, मला दिलेलं वाण हाय!" भिमाजी ओरडला. "आणि मी काय म्हस हाय का, बांधून ठेवायला?"

दोघे भाऊ काहीतरी ठरवल्यासारखे आपापल्या दारात जाऊन उभे राहिले.

मोहिनी हौदावर तोंड धुवायला गेली, तेव्हा आबा तिच्यामागं गेले. इतके दिवस घोळवलेलं बोलणं मण्याबरोबरच गेलं होतं. आता नुसतं म्हणायचं राहिलं होतं.

"मला न्हे, पोरी. म्हैनाभर. निज जेष्ठ लागला की सोड आणून."

मोहिनीनं पदरानं तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिली. "आबा, सकाळी म्हणला असता तर उचलून न्हेलं असतं. आता न्हेलं तर म्हणत्याल, म्हातारा न्हेला म्हंजी सोन्याचा डबा न्हेला. जन्माचं तोडत्याल मला. ह्यांच्यावर तर पोलिसात जात्याल."

"डबा न्हाई गं माझ्याकडं."

"मला म्हाईत हाय. त्यांना कोण सांगंल?" तिनं पिशवीतून भिमाजीसाठी आणलेली दोन केळी काढून आबांच्या हातात दिली आणि इकडंतिकडं बघत खालच्या आवाजात म्हणाली, "आमी निघतोय. दिवेलागणीला बिबट्याच्या भेवानं समदी दारं लावत्यात ना, तवा गपचूप. तुमी बोलू नका कुठं."

आबा बोलले नाहीत. खोलीत जाऊन त्यांनी उसवलेल्या गोधडीत धोतर आणि तांब्या गुंडाळला, परसातून वळसा घालून ते पिकअपमागं आले आणि इतक्या वर्षांत केली नव्हती अशी कसरत करून मागच्या फळीवरून आत पडले. ताडपत्री वर ओढून घेतली. आत कुजक्या टोमॅटोचा वास होता. दोन क्रेटच्या मधे ते पाय पोटाशी घेऊन आडवे झाले. त्यांचा हिशेब साधा होता. अंधारात येडगावला पोचल्यावर ताडपत्री काढली आणि आत बाप निघाला, तर त्या वेळेला त्याला परत कोण पाठवणार? आणि मोहिनीवरही बोल येणार नाही. तिनं नेलाच नव्हता.

अंधारून आलं. एकामागून एक दारांच्या कड्या लागल्याचं आबांनी ऐकलं. मग पावलं आली, हलकी, चोरटी. लेक-जावई आले, आबांनी ओळखलं. गाडी मागच्या बाजूला हळूहळू खाली बसली. भिमाजी चढला असेल, आबांना वाटलं, आज खाणंही जास्त झालंय त्याचं. थोड्या वेळानं पुन्हा पावलं आली आणि गाडी पुढूनही बसली. ही मोहिनी. आबांनी एक केळ सोललं आणि गाडी सुरू व्हायची वाट बघत ते सावकाश खाल्लं.

पहिल्यांदा सयाजी आला होता. त्यानं मागच्या दोन्ही चाकांची हवा सोडली. नंतर गोरख आला, त्यानं पुढच्या दोन्ही चाकांची सोडली.