पाठवणारा बाप

मुकादम आठवड्यातले सहा दिवस धान्याच्या कोठारावर माणसं हाकायचा आणि सातव्या दिवशी प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत मोठ्यांना पवित्र शास्त्र शिकवायचा. दोन्हीकडे आवाज तोच, दणदणीत. त्र्यैक्य हा त्याचा हातखंडा विषय. पिता देव, पुत्र देव, पवित्र आत्मा देव, आणि तरी देव एकच, हे सांगताना तो कधी अडखळला नव्हता. शास्त्रात त्र्यैक्य हा शब्द कुठेच सापडत नाही, हेही तो आधीच सांगून टाकायचा, म्हणजे मागच्या बाकावरून कुणी ते उकरून काढायला नको. मग बाप्तिस्म्याच्या गोष्टीतून सगळ्यांना यार्देन नदीच्या काठावर न्यायचा. पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे, वरून पित्याचा आवाज येतो आहे. "तिघं एकाच वेळी, एकाच जागी. आता बोला."

बोलायचा तो त्याचा मुलगाच. धंद्याने फिटर, बापाच्याच हाताखाली कोठारावर. पण शब्दाला शब्द लावण्यात कुणाला हार जायचा नाही, म्हणून घरीदारी सगळे त्याला वकील म्हणत. बायको प्रत्येक वेळी त्याची बाही ओढायची, आणि तो प्रत्येक वेळी उठायचाच.

त्या रविवारी मुकादम पित्याने पुत्राला जगात पाठवलं त्यावर बोलत होता. वकील उठला.

"बाबा, तीन आणि एकाचं गणित मी सोडून देतो. मला एवढंच सांगा, स्वतः वर सुखरूप बसून पोराला मरायला खाली पाठवणारा बाप कसला? आपल्या गल्लीत असा कुणी निघाला तर आपण त्याला पोलिसांत देऊ."

खोलीत हशा पिकला. मुकादमाने एकामागून एक चार वचनं ऐकवली. वकिलाने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "हे पाठांतर झालं, बाबा. उत्तर नाही झालं."

घरी येताना बापलेक रस्त्याच्या दोन कडांनी चालले. सून मधून.

गुरुवारी सकाळी तीन नंबरच्या सायलोतून गहू खाली यायचा थांबला. सायलो म्हणजे चार मजली उंच पत्र्याचं पिंप. वरून धान्य भरायचं, तळातून काढायचं. आत ओल गेली की गव्हाचा वरचा थर घट्ट जमतो आणि त्याच्याखाली पोकळी राहते. हा थर वरून पहारीने फोडावा लागतो. काम जोखमीचं. मुकादमाने हजेरीवरची नावं पाहिली. दोघं नवखे होते, एकाला चक्कर यायची. त्याने मुलाला हाक मारली.

"तीन नंबर बघून ये. नीट बघ."

रविवारपासूनचं त्यांच्यातलं हे पहिलं वाक्य.

दोघं शिडीने वर गेले. वकिलाने कमरेला पट्टा बांधला, पट्ट्याला दोर अडकवला आणि सायलोच्या तोंडातून आत उतरला. जमलेला थर पलीकडच्या भिंतीला होता. तिथवर दोर पुरेना.

"बाबा, दोन हात कमी पडतोय. सोडतो मी दोर. एक मिनिटाचं काम आहे."

मोठा दोर खाली गोदामात होता. आणायला दहा मिनिटं लागली असती. मुकादमाने होकाराची मान हलवली.

वकिलाने पहार तीनदा मारली. चौथ्या घावाला पायाखालचा सगळा थर एकदम बसला. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. धूळ निवळली तेव्हा मुलगा छातीपर्यंत गव्हात होता. हात वर, तोंड वर, आणि बापाला शोधणारे डोळे.

अग्निशमन दल अर्ध्या तासात आलं. प्रमुख एक सडपातळ बाई होती. ती वर आली, आत एकदा पाहिलं आणि सगळ्यांना तोंडापासून मागे सारलं. मुकादमाने तोवर कमरेला दोर बांधून घेतला होता.

"तुम्ही उतरायचं नाही," ती म्हणाली.

"माझा मुलगा आहे तो."

"म्हणूनच. बाजूचा गहू भिंतीसारखा उभा आहे. तुमचं वजन पडलं की तो त्याच्या अंगावर येईल. माझी दोन माणसं फळ्या टाकून जातील. त्याच्याभोवती पत्रे रोवून विहिरीसारखा आड करतील आणि आडातला गहू नळीने ओढून घेतील. वेळ लागेल." मग तिने आवाज खाली आणला. "तो श्वास सोडतो तेव्हा छाती लहान होते आणि गहू ती जागा भरतो. पुढचा श्वास आणखी लहान होतो. त्याला बोलू देऊ नका. तुम्ही बोला. तुमचा आवाज ऐकला की तो घाबरून श्वास उधळणार नाही."

मुकादम सायलोच्या तोंडाशी पालथा झोपला. खाली दहा हातांवर मुलाचा चेहरा होता, धुळीने पांढरा.

"वकीलसाहेब," तो म्हणाला, "आज तुम्ही गप्प बसायचं. आज माझी पाळी."

मुलाने पापण्या मिटून उघडल्या.

मुकादम बोलत राहिला. वकील लहानपणी घड्याळ उघडून बसला होता ते सांगितलं. सुनेला निरोप गेलाय, ती येतेय, हे सांगितलं. पहिला पत्रा रोवला गेला, दुसरा गेला. सून आली. तिला खाली थांबवायला दोघं धावले, पण ती कुणाला न जुमानता शिडी चढून सासऱ्याच्या शेजारी येऊन बसली. आत डोकावली आणि तोंडात पदर कोंबला.

मग तिने विचारलं, "मामा, दोर का नव्हता?"

"मी सोडू दिला."

तिने त्याच्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पाहत राहिली, आणि मग तोंड फिरवून पुन्हा नवऱ्याकडे पाहायला लागली.

तिथे मुकादमाचा आवाज गेला. आता प्रार्थना करावी म्हणून त्याने तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. इतकी वर्षं वर्गात सांगितलेलं एकेक वाक्य त्याने हातात घेऊन पाहिलं आणि एकेक खाली टाकलं. पित्याने पुत्राला पाठवलं. मीही पाठवलं. हजेरीवरची नावं पाहून, रविवारचा राग पोटात ठेवून पाठवलं. वर सुखरूप कोण आहे? मी आहे. पोलिसांत कुणाला द्यायला हवं? पोराने बरोबर विचारलं होतं.

आणि तेवढ्यात त्याला दिसलं की पोराचा प्रश्न बरोबर असला तरी तो आपल्यासारख्या बापाला लागू पडतो. मी आणि माझा मुलगा दोन माणसं आहोत. मी वर, तो खाली. मधल्या दहा हातांचं मी काही करू शकत नाही. त्याची छाती आवळली तर माझी आवळत नाही, मी लाख म्हटलं तरी. पण शास्त्रातला पुत्र म्हणतो, ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं. म्हणतो, माझा प्राण कुणी घेत नाही, मी आपण होऊन देतो. तिथे एकाने दुसऱ्याला ढकललेलं नाही. तिथे उतरला तो देवच उतरला, वर कुणी सुखरूप उरलाच नाही. हे सगळं तो वर्षानुवर्षं सांगत आला होता, आणि त्याचा अर्थ त्याला आत्ता कळत होता. कळून समाधान झालं नाही. उलट काळीज फाटलं. कारण देवाला जे जमलं ते त्याला जमत नव्हतं. त्याला खाली जाता येत नव्हतं.

"बोला ना मामा," सून म्हणाली. "तो तुमच्याकडे बघतोय."

त्याने प्रयत्न केला. घशातून फक्त कण्हणं बाहेर आलं, जनावरासारखं, लांब. त्याला लाज वाटली आणि तो ते थांबवू शकला नाही.

चौथा पत्रा रोवताना उजवीकडचा गहू सुटला. वकिलाच्या हनुवटीपर्यंत आला, मग ओठांपर्यंत, मग चेहरा दिसेना. बाई ओरडली, "नळी! तोंड मोकळं करा!" फळीवरचा जवान पोटावर पडून दोन्ही हातांनी उपसायला लागला. सुनेने मुकादमाचा दंड इतका घट्ट धरला की पुढे आठवडाभर तिथे काळंनिळं होतं. तो नुसता कण्हत होता. त्या कण्हण्यात त्याला एक वचन आठवलं, किंवा वचनाने त्याला गाठलं म्हणा. आपल्याला काय मागावं ते कळत नाही तेव्हा आत्मा आपल्या आतून कण्हतो, शब्दांच्या पलीकडचं. तेच प्रकरण पुढे म्हणतं की पुत्र पित्याच्या उजवीकडे बसून आपल्यासाठी मागणं करतो. म्हणजे कण्हणारा देवच, रदबदली करणारा तोच आणि ऐकणाराही तोच. आपण मध्ये नुसते धरलेले असतो.

विचार करायला सवड नव्हती. त्याने एवढंच केलं की कण्हणं थांबवायचं सोडून दिलं.

नाक दिसलं. मग तोंड. जवानाने प्राणवायूचा मुखवटा दाबून बसवला. बराच वेळ काही हललं नाही आणि मग मुखवट्याच्या काचेवर धुकं आलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा आडातला गहू गुडघ्यांपर्यंत उतरला आणि त्यांनी त्याला दोरावर वर घेतला. सायलोच्या तोंडातून बाहेर काढताना मुखवटा सरकला. मुकादम वाकलेला होताच. वकिलाचे ओठ हलले.

"बाबा... मी उतरलो. दोर मी सोडला."

"गप्प," मुकादम म्हणाला. "बोलायचं नाही सांगितलंय ना."

दवाखान्यात डॉक्टरांनी सरळ सांगितलं की इतका वेळ दाब पडल्यावर मूत्रपिंडं काय करतील सांगता येत नाही. तीन बरगड्या मोडल्या होत्या. अकरा दिवस तो यंत्रावर होता. त्या अकरा दिवसांत मुकादमाने एकही धड प्रार्थना केली नाही. व्हरांड्यातल्या बाकावर बसायचा. प्रार्थनामंदिराचे पाळकबाबा येऊन विचारायचे, प्रार्थना करू या का, तेव्हा म्हणायचा, "ती चालू आहे. तुम्ही बसा."

सून त्याच्याशी कामापुरतं बोलायची. दोर सोडू दिलेला ती विसरली नव्हती, आणि विसरावं असं त्यालाही वाटत नव्हतं. एकदा मात्र चहाचे दोन पेले घेऊन आली आणि एक त्याच्यापुढे ठेवून शेजारी बसली.

कंपनीचा चौकशी अधिकारी आला तेव्हा वकील उशीला टेकून बसायला लागला होता. मुकादमाने जबाब आधीच लिहून ठेवला होता: दोर तोकडा आहे हे मला कळलं होतं, मोठा आणायला मी थांबलो नाही, जबाबदारी माझी. वकिलाने कागद मागून घेतला.

"हे अर्धंच आहे. मी आपण होऊन सोडला, ते घाला."

"ते घालणार नाही."

"मग मी माझा वेगळा जबाब देतो."

"दे."

अधिकारी दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. वकिलाला धाप लागली. मुकादमाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि श्वास जागेवर येईपर्यंत ठेवून दिला.

"बाबा, तीन आणि एक मला अजून पटत नाही," वकील म्हणाला. "आधीच सांगून ठेवतो."

"नको पटू दे."

"पण तुम्ही वरून कण्हत होता ना, ते ऐकू येत होतं. गव्हाखाली गेलो तेव्हासुद्धा. आधी वाटलं, मीच कण्हतोय."

अधिकाऱ्याने पेन पुढे केलं. मुकादमाने सही केली, खाली तारीख घातली आणि कागद परत दिला. नोकरीचं काय होईल ते सोमवारी कळणार होतं. बाहेर नर्स औषधांची गाडी ढकलत येत होती, आणि सून दार उघडायला उठली.