जमुनाची भिंत

दिवाळी जवळ आली की सालेकशाकडच्या एका गावात घरोघरी भिंतींना छुई देतात. छुई म्हणजे पांढरी माती. फुलवंता सत्तरीची झाली तरी हे काम सुनेच्या हाती देत नसे. धान साठवायच्या ढोलीमागे, जमिनीपासून हातभर उंचीवर, भिंतीचा एक तुकडा कोरा ठेवायचा असे. तो जमुनाचा.

जमुना तिची धाकटी बहीण. पोट मडक्यासारखं, चेहरा पिवळा, आणि नखांनी भिंत खरवडून माती खायचं वेड. मार खाऊनही सुटलं नाही. एका रोवण्यात, घरचे सगळे बांधीत धानाची रोपं लावत असताना, ती ढोलीमागेच गार पडली. तरी भिंतीवर ओरखडे उमटतच राहिले. आई म्हणाली, "पोट्टी उपाशी गेली. खाऊ द्या तिले." तेव्हापासून तेवढी जागा लिंपली नाही. फुलवंताचा नवरा घरजावई आला, म्हणून घर तेच राहिलं आणि आईमागून हा नेमही तिच्याकडे आला. वर्षं सरली, ओरखड्यांची उंची काही वाढली नाही. मेलेलं पोर कुठं वाढतं?

यंदा ती ढोलीमागे वाकली, तर ओरखडे ओले होते. थुंकीने भिजलेले.

"जमुने," ती हळूच म्हणाली, "आली का माय?"

ढोलीच्या अंधारात कुणीतरी कचकच चावलं.

आचल होती. तिची नात. ओठ पांढरेफटक, त्यांना माती लागलेली.

शाळेत जंताची गोळी वाटली त्या दिवशी आचल गेली नव्हती, म्हणून आशा कार्यकर्ती भाग्यश्री गोळी घेऊन तेवढ्यात घरी आली. तिने पोरीच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या.

"रक्तच नाई अंगात. जंत पिऊन राहिले, आजी. मंग पोट्टी माती मागते."

"जंत त सगळ्याइलेच राहते," फुलवंता म्हणाली. "आमाले का नोहते?"

"म्हणून हिलेबी ठेवता? चप्पल काऊन नाई पायात? आन् संडास बांधला तो कोनासाठी?"

सून खुशबू दारातून बोलली, "संडासात बुढीचं सरपन राहते. लाकडाले पक्कं घर, आन् आमी चाललो शेताच्या धुऱ्यावर!"

"त्याच धुऱ्याच्या चिखलात पोट्टी अनवाणी फिरते. जंत पायातूनबी शिरते. उद्या दवाखान्यात आणा हिले, रक्त तपासू. आन् ते भिंत बुजवा. मातीतून पुन्हा पोटात जाईल."

"बुजवली त जमुना काय खाईल?"

कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मायलेकी दवाखान्यात गेल्या. फुलवंता ओली छुई घेऊन ढोलीमागे बसली. पहिला हात फिरवला आणि मातीचा गार वास वर आला. तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

जिभेला सगळं ठाऊक होतं. आधी थंड, मग खारट, मग टाळूला चिकटणारं. आणि बाहेरून आईचा आवाज, शेजारणीला सांगणारा, "आयक, खाऊन राहिली माही जमुना!" इथे, याच जागी, लहानपणी श्वास रोखून फुलवंता स्वतःच बसली होती, तोंडात माती धरून. नंतर तिचा पोरगा हिरालालही असाच पिवळा होता. मग आचल. हातभर उंचीवर एकामागून एक घरचंच पोर बसत होतं, आणि घर म्हणत होतं, जमुना आली.

जमुना एकदाही आली नव्हती.

बोट ओठांपाशी कधी पोचलं, तिला कळलंच नाही.

"आजी, नोको खाऊ!" आचल दारात उभी होती. दंडावर कापूस चिकटवलेला, पायात नव्या चपला.

फुलवंताने बोट लुगड्याला पुसलं. जमुनाच्या ओरखड्यांवरून ती हात फिरवत राहिली, भिंत सपाट होईपर्यंत. मग उठली आणि संडासातली लाकडं बाहेर काढायला लागली. मध्येच थांबून तिने घराकडे कान दिला. ढोलीमागे काहीच वाजत नव्हतं. जमुना आता खरीच मेली होती. एवढी भीती तिला आजवर वाटली नव्हती.