नळीच्या टोकाची माती

कोलोरॅडोच्या डोंगरात बर्फ मोजायची आमची रीत सोपी. लांब पोकळ नळी बर्फातून खाली जमिनीपर्यंत खुपसायची. टोकाला मातीचं बूच आलं की नळी तळाला टेकली, हे पक्कं. मग चाकूनं ती माती खरवडून टाकायची आणि बर्फासकट नळी तोलायची. त्या वजनावरून उन्हाळ्यात ओढ्याला किती पाणी येईल ते सांगायचं. तीस वर्षं मी हेच केलं, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

त्या मार्चला जोडीला धाकटा भाऊ वेंडेल आला. त्याची बायको अर्लीन आजारी होती; जेमतेम एक उन्हाळा, असं डॉक्टर म्हणाले होते. तिला घरामागे चेरीची बाग बघायची होती. पाणी पुरणार असेल तरच वेंडेल रोपं आणणार होता.

चाकूवरची माती त्यानं बोटांत चुरली. "लायल, ही बघ. पिठासारखी उडतेय."

"शेतकरीबुवा, आपण बर्फ तोलतो, माती नाही. टाक ती."

"अरे, बर्फ पडायच्या आधी दोन महिने थेंब नव्हता..."

"तुझ्या डोक्याइतकी कोरडी नाहीये! बर्फ सरासरीहून जास्त आहे. लाव झाडं."

तो हसला आणि त्यानं माती झटकली.

अर्लीननं खुर्चीत बसून चाळीस रोपांची जागा दाखवली. मे महिन्यात बर्फ वितळला, पण ओढा काही फुगेना. तहानलेली जमीन आधी स्वतः प्यायली, उरलंसुरलं ओढ्याला. जुलैत ओढ्यातून बागेला येणाऱ्या पाटाचं दार बंद झालं. वेंडेल विहिरीतून बादल्या वाहायचा, पण त्या पाण्यात तीनच झाडं जगली. अर्लीनच्या पलंगावरून दिसणारी तीन. पडदा तो तेवढाच उघडायचा.

"सगळी जगली ना रे, लायल?" तिनं मला विचारलं.

"सगळी," मी म्हणालो. ऑगस्टमध्ये ती गेली.

वेंडेल मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

या मार्चला तो न बोलावता आला. नळी वर काढली, बूच मुठीत दाबलं. बोटांतून पाणी ओघळलं.

"ओली आहे," तो म्हणाला. मग त्यानं मोजणीची वही उघडली आणि बराच वेळ पानावरून बोट फिरवलं.

"लायल, मातीचं कुठे लिहायचं?"

वहीत मातीचा रकानाच नव्हता. मी बर्फात बसलो आणि रडलो.