तेल घालायची जागा

लातूरला माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे वाईट छपाई दिसली की माझं डोकं फिरतं. वीरेशमामांसाठी प्रोजेक्टरचं सर्व्हिस मॅन्युअल शोधायला लागल्यापासून ते रोजच फिरत होतं.

देगलूरला मामांची टॉकीज होती. ती बंद पडून बरीच वर्षं झाली. आता ती पाडून तिथं मंगल कार्यालय होणार होतं. केबिनमधलं जुनं मशीन नांदेडच्या एका कॉलेजनं मागितलं होतं, पण चालू असेल तरच. नाहीतर ते भंगारात जाणार होतं. आणि मशीन जाम होतं. हातानं फिरवलं की आत कुठंतरी अडायचं. ते चालवणारे नरसिंगकाका वारले होते, आणि ते होते तोवर मामांनी मालक असूनही मशीनला हात लावला नव्हता.

"पुस्तक मिळालं तर बघून करीन मी," मामा फोनवर म्हणाले. "पण चित्रं पाहिजेत. निसतं इंग्रजी घिऊन मी काय करू?"

मागणी रास्त होती. पहिलं मॅन्युअल मिळालं, त्यात एकही चित्र नव्हतं. दुसऱ्यात चित्रं होती, पण ती झेरॉक्सची झेरॉक्स, सगळे भाग काळेकुट्ट. असली प्रत मी गिऱ्हाइकाला दिली असती तर त्यानं ती माझ्या तोंडावर फेकली असती. शेवटी परदेशातल्या कुण्या हौशी माणसानं इंटरनेटवर टाकलेलं सापडलं. प्रत्येक भाग सुटा करून काढलेला, शेजारी आकडा, आणि तेल घालायच्या जागांना बाण. दुकानात मी एकटीच हसले. जाड कागदावर रंगीत छापलं, स्पायरल लावलं आणि उदगीरमार्गे एसटीनं देगलूर गाठलं.

मामा चष्मा लावून एकदा पान, एकदा मशीन असं बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पुस्तक मिटलं.

"हे आपल्या मशीनचं न्हाई, सुकन्या. ह्यात बाजूच्या डब्यावर तेलाचं भोक दावलंय. आपल्याला ते न्हाईच."

"मामा, बाकी सगळं जुळतंय की."

"जुळतंय. पण भोक न्हाई तर न्हाई."

मला रागही आला आणि रडूही. बाण नेमका कुठं आहे ते दाखवायला मी मशीनवर बोट ठेवलं, तर ते कुंकवावर टेकलं.

दर खंडेनवमीला दानम्मामामी तेलात कालवलेलं कुंकू मशीनला लावायच्या, आणि तेही त्याच जागी. मशीनचं कपाळ ते, असं त्यांनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. नरसिंगकाका ते मागाहून गुपचूप पुसत असणार. त्यांच्यानंतर कुणी पुसलं नाही, आणि थरावर थर बसून त्याचा दगड झाला होता.

मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"खरवडू नको," मामा म्हणाले. "कुंकू हाय ते."

मामी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी चित्र बघितलं, मग मशीन बघितलं. कप खाली ठेवले, फडक्यावर तेल घेतलं आणि स्वतःच्या हातानं चोळायला लागल्या. लाल लगदा निघत गेला आणि खाली एक लहानसं झाकण दिसलं.

"म्हंजे मीच बुजविलं व्हय?"

"तू पूजा केलीस," मामा म्हणाले. "तेल घालायचं काम माझं होतं. ते कुठं घालतेत, हे नरसिंगला कधी इच्यारलं न्हाई मी."

झाकण उघडून तेल घातलं आणि रात्रभर मुरू दिलं. दुसऱ्या दिवशी मशीन फिरलं. फिल्म नव्हतीच, समोरच्या भिंतीवर नुसता पांढरा उजेड पडला आणि केबिनभर ती जुनी टरटर सुरू झाली. मामा खुर्चीत बसून रडले. मलाही आवरलं नाही.

पुढच्या आठवड्यात कॉलेजचा टेम्पो आला. मशीन चढवून दोऱ्या आवळून झाल्या, तेव्हा मामी कुंकवाची वाटी घेऊन बाहेर आल्या. बोट बुडवलं, हात पुढं केला आणि तसाच थांबवला.

"सुकन्या, पुस्तकात बघून सांग गं. कुठं भोक न्हाई?"

मी पानं उलटायला लागले.