कुयुलूच्या खाडीचा वास

"डावीकडे पांढरी नाव आहे. नांगर टाकून उभी आहे. तू आहेस तसाच जा."

"किती लांब?"

"आपल्या अंगणापासून मशिदीपर्यंत."

हुलुसीने चाक जरासं फिरवलं आणि माझ्या हातातला चहाचा पेला घेतला. मागे गाद्यांवर पाहुण्या लोळत पडल्या होत्या. त्यांतली एक हसून दुसरीला म्हणाली, "बघ गं, एवढं वय झालं तरी नवऱ्याला चहा द्यायला दर अर्ध्या तासाने वर येते. याला म्हणतात प्रेम!"

प्रेम कसलं डोंबलाचं! मी चहा घेऊन येत होते ते त्याला समोर काय आहे ते सांगायला. तीन उन्हाळे झाले, हुलुसीच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध धुकं बसलंय. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. मूला शहरातल्या डॉक्टरने सरळ सांगितलं की हे वाढणार, थांबणार नाही. हुलुसी दवाखान्याच्या पायऱ्या उतरत मला म्हणाला, "सानिये, हा एक मोसम. मग कप्तानाचा परवाना परत देऊन टाकतो." पहिल्या वर्षी म्हणाला, दुसऱ्या वर्षी म्हणाला, यंदाही म्हणाला. आणि मी बावळट, तिन्ही वेळा मान डोलावली. कुणाला कळलं तर त्याचं कप्तानपण त्याच दिवशी संपणार होतं, आणि नाही कळलं तर एक दिवस कुणाच्या तरी जिवावर बेतणार होतं. हे मला वांगी चिरतानाही आठवायचं, झोपतानाही आठवायचं.

आम्ही दोघं एकाच गल्लीतले, म्हणून अरे-तुरे. लग्नाआधी तो नावा बांधणाऱ्या सुतारांकडे फळ्यांच्या फटीत कापूस ठासायचा. आमची बोट त्याने तिथेच, मालकाच्या हातापाया पडून बांधून घेतली. दोन डोलकाठ्या, चार खोल्या, सगळं पाइनचं लाकूड. नाव ठेवलं दुर्दाने, माझ्या सासूचं. मी म्हटलं, बरं झालं, आता हिला मनसोक्त शिव्या घालता येतील. एकतीस उन्हाळे त्या दुर्दानेवरच गेले, पर्यटकांना खाड्याखाड्यांतून फिरवत. तो चाकावर, मी चुलीवर.

त्या आठवड्यात पाहुण्या सहा जणी. त्यांची म्होरकी पेरीहानबाई, इझमीरच्या निवृत्त शिक्षिका, अकरा वर्षं न चुकता येणाऱ्या. दर वर्षी जाडजूड पुस्तक आणायच्या आणि दर वर्षी त्याची दहा पानं वाचून घरी न्यायच्या. "सानिये, इथे वाचवत नाही गं," म्हणायच्या. "डोळे पाण्यावरच राहतात."

खरंच आहे ते. दुपारी इंजिन मंद केलं की आमच्या इथलं पाणी असं होतं की नाव त्यावर आहे की हवेत, कळत नाही. खाली तिची सावली वाळूवरून सरकताना दिसते. एक डोंगर मागे जातो, त्यामागून दुसरा फिकट डोंगर निघतो, त्यामागून आणखी फिकट. माणूस बघत राहतो आणि कसल्या तरी गोड गुंगीत जातो. मला तर एवढ्या वर्षांनीही हातातली पळी विसरून उभं राहायला होतं. हुलुसी म्हणायचा, "तुला माझ्या डोळ्यांची दया येते. पण मला सगळा किनाराच आता असा दिसतो, पुढचा मागच्यात मिसळलेला. वाईट नाही."

"वाईट नाही म्हणे! खडक पण मिसळलेले दिसतात, त्याचं काय?"

"खडक मला पाठ आहेत."

पाठ होतेच. इंजिनाचा आवाज कड्यावरून कसा परत येतो, कुठल्या भूशिरापाशी वारा पडतो, कुठे बकऱ्यांच्या घंटा ऐकू येतात, त्याला सगळं ठाऊक. आणि कुयुलूची खाडी तर तो नाकाने ओळखायचा. तिथे पाइनचं रान अगदी पाण्यापर्यंत उतरलेलं, झाडाखाली मधाच्या पेट्या. खाडीच्या अर्धा मैल आधीच डिंकाचा आणि मधाचा वास यायचा. वास आला की तो चाक उजवीकडे वळवायचा. मी सांगायची गरजच नसे.

म्हणून त्या दुपारी मी खाली गेले. भोपळ्याची फुलं पहाटेच भरून ठेवली होती, मिटायच्या आत. वांगी तेवढी तळायची राहिली होती. कढईत तेल तापलेलं, वांगी सोडलेली, आता ती टाकून वर कशी जाणार? वर हुलुसी पाहुण्यांना सांगत होता, "आता कुयुलू येईल. तिथे जेवू."

वांग्यांचा एक घाणा निघाला. दुसरा घातला. बोट काही वळेना. माझ्या मनात आलं, आज वारा उलटा असेल. तिसरा घाणा सोडला आणि गोल खिडकीतून सहज बाहेर पाहिलं. बाहेर काळा डोंगर होता.

गेल्या ऑगस्टमध्ये तिकडे वणवा लागला होता हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं, पण त्यानंतर आज पहिल्यांदाच इकडे आलो होतो. धूर आम्ही घराच्या गच्चीवरून चार दिवस पाहिला होता. हुलुसी तर रडला होता. पण रान जळलं म्हणजे वासही गेला, हे ना त्याच्या ध्यानात आलं, ना माझ्या. तो बिचारा चाकावर उभा राहून वासाची वाट बघत होता, आणि खाडी केव्हाच मागे पडली होती.

गॅस बंद करून मी झारा हातात तसाच धरून वर धावले. समोर, नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, अगदी रेषेत, पाण्यात एक पांढरी टोपी. टोपीखाली म्हातारा. कुठल्याशा नावेवरून उतरून संथ पोहत चाललेला, आमच्याकडे पाठ करून.

"हुलुसी! माणूस!"

तो दचकला. "कुठे?"

"समोर! समोर रे!"

मी त्याला ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा ढकललं. उलटा गिअर टाकला, चाक डावीकडे लोटलं. दुर्दाने थरथरली, स्वयंपाकघरातली ताटं खळाखळा पडली. म्हातारा वल्हंभर अंतरावरून बाजूने गेला. मान वळवून त्याने आमच्याकडे पाहिलं, माझ्या हातातला उंचावलेला झारा पाहिला. त्याला वाटलं, मी सलाम करतेय. तो हसला आणि त्यानेही हात हलवला.

तेल झाऱ्यावरून माझ्या मनगटावर ओघळलं, ते भाजलेलंही मला नंतर कळलं.

"वास आला नाही गं," हुलुसी म्हणाला. "मी थांबलो होतो. आत्ता येईल, आत्ता येईल म्हणून."

"रान जळलंय, हुलुसी."

"सगळं?"

"पाण्यापर्यंत."

त्याने नाक वर करून हवा ओढली, दोनदा. मग बाजूला झाला. "चाक धर," म्हणाला.

"मी?"

"मग काय, मी धरू?"

मी धरलं. एकतीस वर्षं शेजारी उभी राहून बघितलं होतं, हात आपोआप चालले. बोट कुयुलूत नेली. आमच्याकडे नांगर खोल पाण्यात टाकून बोट मागे मागे नेतात, आणि कुणीतरी दोर घेऊन काठावर पोहत जातं, झाडाला बांधतं. ते काम माझं. सलवार घालून उडी मारणारी सानिये म्हणून साऱ्या खाड्या मला ओळखतात. आज चाक माझ्याकडे, म्हणून दोर त्याने घेतला. मी ओरडून सांगत गेले, जरा उजवीकडे, आता दगड, आता हात लाव. काठावर तो हातांनी चाचपडत बुंध्यापर्यंत पोचला. गाठ मारली. मग बराच वेळ त्या जळक्या बुंध्यावर हात ठेवून उभा राहिला.

परत आला तो निथळत पाहुण्यांसमोर उभा राहिला. टॉवेल दिला तर घेतला नाही.

"बायांनो," म्हणाला, "मला समोरचं दिसत नाही. तीन वर्षं झाली. हिची चूक नाही, मीच हिला गप्प बसवलं. आज तो माणूस मेला असता. आता मी ही नाव चालवणार नाही."

"माझी पण चूक आहे," मी म्हणाले. "मी का गप्प बसले? माझं तोंड काय कुणी शिवलं होतं?"

सगळ्यांत धाकटी पाहुणी संतापली. तिचा संताप बरोबरच होता. "आमचे जीव तुमच्या हातात होते!" म्हणाली. हुलुसीने मान खाली घालून ऐकून घेतलं. पेरीहानबाई एवढंच म्हणाल्या, "सानिये, वांगी गार होतायत."

मी माझ्या भावाला, नेव्झातला, फोन केला. त्याच्याकडे परवाना आहे. तो सकाळी आपली होडी घेऊन आला, काही न विचारता चाकापाशी उभा राहिला.

बोट निघाली, आणि हुलुसीला उभं राहायला जागाच सापडेना. चाकाजवळ गेला, नेव्झातला अडचण व्हायला लागली. नाळेवर गेला, तिथून परत आला. खाली माझ्या स्वयंपाकघरात डोकावला, मी म्हटलं, "इथे काय ठेवलंय तुझं?" म्हटलं आणि जीभ चावली. शेवटी पेरीहानबाईंनी पुस्तक बाजूला करून गादीवर थोपटलं. "या, कप्तान. बसा इथे."

चालत्या दुर्दानेवर तो कधीच बसला नव्हता. अवघडून बसला, परक्याच्या घरी बसतात तसा.

"मला सांगा, आपण कुठून चाललोय," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षांत मी नावं शिकलेच नाही."

त्याने जरा घसा खाकरला. "आता उजव्या हाताला लाल कडा येईल. त्याच्या पोटात गुहा आहे, सीलमासे असतात कधीकधी. दिसली?"

मी चहाचा ट्रे घेऊन वर आले होते. उजव्या हाताला काहीच नव्हतं. नेव्झातने वेळ वाचवायला बोट बाहेरून, खुल्या समुद्रातून काढली होती. चारी बाजूंनी नुसतं निळं, डोंगर कुठे तरी मागे पुसट झालेले. धाकटी पाहुणी तोंड उघडणार, तेवढ्यात पेरीहानबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हो," त्या म्हणाल्या. "दिसली. केवढी मोठी आहे!"

हुलुसीला चहा देताना मी वाकले. त्याने माझं भाजलेलं मनगट हलकेच धरलं आणि माझ्या कानात कुजबुजला, "नेव्झात बाहेरून नेतोय ना? काठाने गेलो असतो तर एव्हाना डोंगराची सावली आली असती. मला कळतंय. बोलू नकोस, बाईंना वाईट वाटेल."

मग पेला गुडघ्यावर ठेवून, ताठ बसून त्याने पुढचं सांगायला घेतलं. त्या रिकाम्या समुद्रावर त्याने एकेक भूशीर, एकेक खाडी जागच्या जागी मांडली, घरापर्यंत, आणि एकाही ठिकाणी चुकला नाही.