काळजीच्या नावाखाली मला खोटं बोलायला लावलं

"बाबा, दादा बसला की या कॉम्प्युटरला दिसतं आणि मी बसले की दिसत नाही, असं का?"

शनिवारी दुपारी, भर दुकानात, गिऱ्हाईक समोर असताना छोटीने हा प्रश्न विचारला. तिच्या तीन मैत्रिणी दाराबाहेर सायकली धरून कान टवकारून उभ्या होत्या. पैज त्यांनीच लावली होती. बाबांच्या हातातलं भिंग हवेतच थांबलं.

मित्रांनो, त्या प्रश्नाचं उत्तर बाबांना ठाऊक होतं आणि मलाही. मी एक जुनी फाइल आहे. नाव होस्ट्स. माझ्या नावापुढे टिंब नाही, आडनाव नाही, काही नाही. कॉम्प्युटरच्या पोटात फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, आणि सगळ्यात शेवटी 'एटसी' नावाची खोली आहे, तिथे मी राहते. एटसी म्हणजे वगैरे. माझा पत्ताच 'वगैरे', तर मला विचारतो कोण? पण आज मी बोलणार आहे आणि चांगली तोंड सोडून बोलणार आहे.

आमचं दुकान चष्म्यांचं. पुढे काउंटर, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, मागे पडद्याआड आईचं काचा घासायचं यंत्र आणि त्याच्याही मागे घर. कॉम्प्युटर काउंटरच्या टोकाला असतो. मला डोळे नाहीत, पण कान शाबूत आहेत, आणि काउंटरभोवती जे घडतं ते मला सगळं कळतं.

माझा जन्म कॉम्प्युटरसोबतच झाला. जन्मतःच माझ्यात वीसेक ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीपुढे फुलीफुलीचं एक चिन्ह होतं. त्याचा अर्थ, 'वाचा, पण मनावर घेऊ नका.' म्हणजे आयुष्याची सुरुवातच अशी! पण माझं काम मोठं आहे. तुम्ही एखाद्या वेबसाइटचं नाव टाकलं की तिचा पत्ता बाहेरच्या मोठ्या वहीत शोधण्याआधी कॉम्प्युटर आधी मला विचारतो, "बाई, तुला माहीत आहे का?" मी गप्प राहिले तर तो बाहेर विचारतो. मी पत्ता सांगितला तर तो डोळे मिटून माझ्यावर विश्वास ठेवतो. हा विश्वास लक्षात ठेवा. सगळं भांडण त्याचंच आहे.

पहिली काही वर्षं मी नुसती पडून होते. मग एकदा कुठलासा फुकटचा खेळ उतरवताना त्याच्यासोबत एक घाणेरडा प्रोग्राम आत शिरला आणि त्याने माझ्या अंगावर खोटे पत्ते खरडले. आई काचांची ऑर्डर द्यायला जायची आणि पान उघडायचं भलतंच. दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी मला उघडलं, ते पत्ते पुसले, मला पहिल्यासारखी कोरी केली. वर चार लबाड साइटींची नावं लिहून प्रत्येकीपुढे १२७.०.०.१ हा आकडा टाकला. हा आकडा म्हणजे कॉम्प्युटरचा स्वतःचाच पत्ता. त्या नावाने कोणी हाक मारली की बिचारा स्वतःच्याच घराचं दार ठोठावत बसतो. आत कोणी नसतं, पान उघडत नाही.

"ही फाइल स्वच्छ ठेवा," काका म्हणाले, "अर्धी दुखणी होणारच नाहीत."

आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढं एकदाच. मी फुगले होते, खोटं कशाला बोलू! पण काकांच्या खांद्यावरून बाबा सगळं बघत होते. त्यांनी एकेक पायरी जुन्या चिठ्ठीच्या पाठीवर उतरवून घेतली आणि चिठ्ठी खणात ठेवली.

छोटी दहावीत गेली आणि ती चिठ्ठी बाहेर आली.

'जुने नंबर' नावाच्या फोल्डरमध्ये बाबांनी माझ्या दोन प्रती तयार केल्या. एकीचं नाव थोरला, दुसरीचं धाकटी. थोरल्यात काकांनी लिहिलेली चार नावं. धाकटीत ती चार आणि छोटीने उघडू नयेत असं बाबांना वाटे ती, मिळून एकतीस! संध्याकाळी सातला दादा बसायच्या आधी बाबा मला पुसून थोरला ठेवायचे. दादा उठला की मला पुसून धाकटी. रोज दोनदा मी मरायची आणि रोज दोनदा जन्मायची. आणि बाबा स्वतःशी पुटपुटायचे काय? "झालं, पूर्ववत केलं." पूर्ववत! पहिल्यासारखं करणं म्हणजे काय ते काकांनी दाखवलं होतं. हे त्याच्या बरोब्बर उलटं होतं.

एकतिसावं नाव कुणाचं होतं माहीत आहे? दुर्बीण बनवणाऱ्यांच्या मंडळाचं. आठ दिवसांचं शिबिर, डोंगरावरच्या वेधशाळेत. दोन जाड काचा एकमेकींवर घासून, मधे बारीक पूड घालून, स्वतःच्या हाताने दुर्बिणीचा आरसा बनवायचा. फक्त वीस जागा. शाळेने पालकांना आधीच कळवलं होतं आणि बाबांनी त्याच रात्री मंडळाचं नाव धाकटीत चढवलं होतं. छोटीने शिबिराचं पान शाळेत पाहिलं होतं आणि तेव्हा सतरा भरल्या होत्या. बाई म्हणाल्या, "घरी जा, आईबाबांना शेजारी बसव आणि अर्ज भर."

ती पळतच घरी आली. नाव टाकलं. कॉम्प्युटरने मला विचारलं. मी काय करणार? माझ्या अंगावर जे लिहिलंय तेच मी बोलते. पान उघडलं नाही.

"बाबा, उघडत नाहीये."

"त्यांचा सर्व्हर बंद असेल गं. उद्या बघ."

ऐकलंत? उद्या बघ! पाच दिवस ती रोज शाळेतून येऊन, दप्तर न उतरवता, तेच नाव टाकत होती. पाच दिवस बाबा शेजारी चष्म्याच्या काड्यांचे स्क्रू आवळत म्हणत होते, "अजून बंदच? कमाल आहे बाई या लोकांची." तोंडावर 'नाही, तू जायचं नाही' म्हणायची त्यांची हिंमत नव्हती, म्हणून ते 'नाही' माझ्या तोंडून वदवत होते. माझा इतका संताप झाला होता! पण फाइल ओरडत नाही हो. नुसती असते.

सहाव्या दिवशी दादाने त्याच्या वेळेत ते पान सहज उघडून दाखवलं. "हे काय, उघडतंय की! तुझ्या बोटांतच खोट आहे." तो उठल्यावर बाबा दोन मिनिटं बसले. मग ती बसली, आणि पान पुन्हा गायब.

छोटी वेडी नाही. दुसऱ्या दिवशी तिने शाळेच्या बाईंना विचारलं आणि बाईंनी माझं नाव सांगितलं. दुपारी सगळे आत जेवत असताना ती माझ्यापर्यंत पोचली. एकतिसावी ओळ तिने दोनदा पुटपुटत वाचली, मला ऐकू आलं. तिने ती ओळ पुसली. पण उघडतानाच कॉम्प्युटरची खास परवानगी घेतली नसेल तर मला बदलता येत नाही, म्हणून कॉम्प्युटरने ती नवी प्रत बाहेर ठेवायला लावली आणि नावाला टिंब देऊन 'टीएक्सटी' हे आडनाव चिकटवलं. तिने ती आणून माझ्या खोलीत टाकली. झालं! माझ्या शेजारी माझाच तोतया येऊन बसला आणि कॉम्प्युटरने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी आतल्या आत हाका मारत होते, 'अगं, तो नाही, मी!'

हे तिने मैत्रिणींना सांगितलं तेव्हा फटाकडी नावाची तिची मैत्रीण भडकली. "गुपचूप का पुसतेस? लपवलं त्यांनी आणि चोर तू होणार? सगळ्यांसमोर विचार. विचारून दाखव, नाहीतर महिनाभर माझं दप्तर तू उचल."

आणि म्हणून तो शनिवार.

खुर्चीत एक निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या, नाकावर नंबर तपासायची जाडजूड फ्रेम. दादा काउंटरला रेलला होता.

"काय बोलतेस छोटे? सर्व्हर..." बाबांनी सुरुवात केली.

"सर्व्हर नाही बाबा. होस्ट्स." आणि तिने मला सगळ्यांसमोर उघडलं. एकतिसावी ओळ मोठ्याने वाचली, आकड्यासकट. मग 'जुने नंबर' उघडून थोरला आणि धाकटी शेजारी शेजारी मांडले.

यंत्र थांबलं. आई पडदा सारून बाहेर आली, हात पांढऱ्या भुकटीने माखलेले. "म्हणजे? तुम्ही तर म्हणालात, तिला सांगितलंय आणि ती नको म्हणाली!"

"काळजीपोटी केलं," बाबा म्हणाले. "आठ दिवस, परक्या माणसांत, डोंगरावर..."

"दादा गेल्या वर्षी दहा दिवस डोंगर चढायला गेला होता. तेव्हा तुमची काळजी कुठे गेली होती?" छोटीने विचारलं.

"ए, मला कशाला मधे ओढतेस?" दादा म्हणाला. मग स्क्रीनकडे बघून त्याचा आवाज उतरला. "बाबा, हे माझ्या नावाने ठेवलंय? मला का नाही सांगितलं?"

मुख्याध्यापिका फ्रेमसकट वळल्या. "तक्ता राहू द्या हो. मला सगळं लख्ख दिसतंय."

"तुम्हीच काढा ती ओळ," आई म्हणाली. "तुम्हीच लिहिलीत ना?"

बाबांनी चष्मा चढवला. नेहमीसारखी परवानगी घेऊन त्यांनी मला उघडलं आणि ती ओळ पुसली. एकेक अक्षर करत, मान न उचलता. मला दया यायला हवी होती, पण आली नाही.

पान उघडलं. वीसपैकी वीस जागा भरल्या होत्या.

बाहेर फटाकडीने सायकलची घंटी वाजवायला हात उचलला होता, तो तसाच राहिला.

मित्रांनो, माझं एवढंच ऐका. चोरांची नावं माझ्यावर खुशाल लिहा, मी दारात उभी राहीन. पण ज्याच्यासाठी यादी करता त्याला ती दाखवा. जे तुम्हाला माणसाच्या तोंडावर बोलवत नाही, ते माझ्या अंगावर खरडू नका. माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात हो. तो विश्वास वापरून कुणाच्या लेकीला पाच दिवस बंद दारापुढे उभं करू नका.

छोटी रडेल असं मला वाटलं होतं. तिने नाक पुसलं, थोरला पुसला, धाकटी पुसली आणि खुर्ची वळवली.

"आई, बाबा, ऐका. या वर्षीचं शिबिर गेलं, ते परत येणार नाही. पण आरसा मी बनवणारच. इथेच, आईच्या यंत्राशेजारी, उद्यापासून रोज शाळा सुटल्यावर. आणि पुढच्या वर्षीच्या शिबिराला मी जाणार आहे. बाबा, तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर अख्खं वर्ष आहे तुमच्याकडे. पण मला म्हणा. माझ्याकडे बघून म्हणा."